एकसष्टांपैकी दहा

६ जानेवारी, सोमवार

वही ताईने दिली. तिच्या वॉर्डात औषध कंपनीचा माणूस वाटून गेला होता. "तू घरी आलीस की कामाचं बोलत बसतेस आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. यात लिही," म्हणाली. तर लिहिते.

सरांनी सकाळी बोलावलं. आमच्या कंपनीचं अ‍ॅप वापरणाऱ्या चार रुग्णालयांनी नवे टॅब घेतले आहेत, हलके पण मंद. आमचा औषधांचा तक्ता त्यांच्यावर उघडायला नऊ सेकंद लागतात. नर्स टॅब धरून ताटकळत उभी राहते, मग कंटाळून कागदावर लिहायला लागते. तक्रारी आल्यात.

कारण मी आधीच शोधून ठेवलं होतं. स्टाइलशीट. पडद्यावर कशाला कुठला रंग, कुठलं अक्षर जाड, कुठे किती मोकळी जागा, हे सांगणाऱ्या नियमांची फाइल. आमची अकरा हजार ओळींची आहे. नऊ वर्षांत चार जणांनी लिहिली, त्यातले तिघे सोडून गेले, चौथी मी. टॅब दर वेळी ती पहिल्यापासून वाचतो आणि मग चित्र काढतो.

मी म्हटलं, हे काम टॅबने कशाला करायचं? बिल्ड होतानाच, म्हणजे अ‍ॅप आमच्या मशीनवर तयार होत असतानाच, सगळे नियम वाचून त्यांचे जावास्क्रिप्टचे ऑब्जेक्ट, म्हणजे कोडचे तयार तुकडे, करून ठेवू. टॅबला आयतं ताट. हे रूपांतर करणारं साधन मी लिहिते. सर म्हणाले, महिनाअखेर. मी हो म्हणून बसले. वय एक्केचाळीस, आणि पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण माझं.

१४ जानेवारी

पहिली फाइल आज अख्खी उतरली. एका बाजूला जुने नियम, दुसऱ्या बाजूला माझे ऑब्जेक्ट, स्वच्छ, एकाखाली एक. उगाचच दोनदा चालवून पाहिलं.

ताई गरम पाण्यात पाय सोडून बसली होती, तिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे मापं आधी घेऊन कापड कापून ठेवायचं." बरोबर, म्हटलं. पूर्ण बरोबर नव्हतं, पण तिचे डोळे मिटत होते. बारा तास उभी असते. सतरा खाटा आणि त्या दोघी नर्स.

२० जानेवारी, सोमवार

सगळ्या फाइली घातल्या. साधनाने तीनशे सत्तेचाळीस इशारे छापले. ज्या नियमाचा ऑब्जेक्ट करता येत नाही तो साधन सोडून देतं आणि एक ओळ छापतं, हा सोडला म्हणून. मीच तसं लिहिलंय.

एकशे नव्वद नियम माउस वर नेल्यावर काय व्हावं याचे. टॅबला माउसच नाही. शहाण्णव छपाईचे. वॉर्डात कोणी छापत नाही. उरले एकसष्ट, 'शेजारी' गटातले. एखाद्या गोष्टीचं रूप तिच्या शेजारी काय आहे त्यावरून ठरवणारे. ऑब्जेक्टला फक्त स्वतःपुरतं कळतं, शेजारी कोण बसलंय ते कळत नाही.

भिंग मागे येऊन उभी राहिली. भिंग म्हणजे आमची तपासनीस. एक ठिपका सरकला तरी तिला दिसतो म्हणून हे नाव पडलं आणि आता तीही स्वतःला तेच म्हणवते. तिचं म्हणणं, नियम उतरला नाही तर बिल्ड तिथेच थांबायला हवं, माणसाने बघून पुढे सोडायला हवं. मी म्हटलं, मग बिल्ड जन्मात होणार नाही. ती म्हणाली, एकदाच होणार नाही, नंतर होईल. वाद घालायची तिला हौस आहे.

२३ जानेवारी

एकसष्टातले पहिले दहा आज नीट उघडून पाहिले. डोळ्यांत तेल घालून. दहाही एकाच छापाचे: यादीच्या दोन ओळींमधली मोकळी जागा. ती जरा कमी झाली तर कोणी मरत नाही. बाकीचे एक्कावन्नही तसेच असणार, लिहिणारा माणूस एकच दिसतो.

दर बिल्डला साडेतीनशे ओळी सरसरत जातात आणि खरी चूक त्यात हरवते. म्हणून एक खूण घातली: इशारे छापू नकोस. पडदा एकदम शांत झाला. बरं वाटलं.

२७ जानेवारी, सोमवार

भिंगने जुन्या आणि नव्या तक्त्याची दोनशे बारा चित्रं एकावर एक ठेवून पाहिली. ओळीओळीतलं अंतर किंचित कमी, बाकी फरक नाही. तरी तिचं समाधान नाही. आमचे नमुन्याचे रुग्ण सगळे खोटे आणि जुने, त्यांचं कधी काही बदलतच नाही, म्हणून खऱ्या वॉर्डाचे दोन दिवस द्या म्हणाली. सर म्हणाले, रुग्णांची माहिती मागायची तर महिनाभर पत्रव्यवहार चालेल. शेवटी तिने तपासणीच्या कागदावर सही केली. करताना पेन दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. नाटकी आहे जरा.

३१ जानेवारी

सव्वा सेकंद.

सरांनी सगळ्यांना बोलावून दोन टॅब शेजारी ठेवले, जुना आणि नवा. नवा उघडला आणि जुन्यावर अजून चक्र फिरत होतं. टाळ्या झाल्या. सोमवारी चारही रुग्णालयांत जाणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सरांनी वॉर्ड बघायला पाठवलं. मोठं रुग्णालय, तिसरा मजला, एकोणीस खाटा. तिथली नर्स बुटकी, पन्नाशीची, अंबाड्यात पेन खोचलेलं. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी. म्हणाली, "पटकन उघडतं आता. आधी बोट ठेवून जपमाळ ओढायचे मी." हसलो दोघी.

भरभर काम चाललं होतं तिचं. एका हातात ट्रे, दुसऱ्या हाताने टॅबवर एक टिचकी, एक नजर, की पुढची खाट. जाताना म्हणाली, या आठवड्यात डॉक्टर औषधं फारशी बदलत नाहीत वाटतं, सगळं शांत आहे. मी म्हटलं, शांत आहे ते चांगलंच की.

परतताना फार हलकं वाटत होतं. कोणाच्या तरी हाताला माझं काम लागतंय.

१२ फेब्रुवारी

मोठ्या रुग्णालयातून फोन आला. चौदा नंबरच्या खाटेवरच्या गृहस्थांना सकाळी इन्सुलिन जास्त गेलं. आदल्या दिवसापर्यंत चोवीस युनिट होतं. ते नीट जेवत नव्हते म्हणून डॉक्टरांनी राउंडला दहा केलं. गेलं चोवीस. अकरा वाजता कोणी हाक मारली तर उठेनात.

बसचालक होते म्हणे, निवृत्त. मुलगी आहे.

तक्त्यावर दहाच होतं. सर्व्हरवर मी स्वतः पाहिलं. आपलं काही नाही यात. जीव भांड्यात पडला, हेही लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

आपलं आहे.

भिंग सकाळीच आली आणि एवढंच म्हणाली, पिवळं कुठाय? मला आधी कळेना. डोस बदलला की त्याच्या शेजारच्या चौकोनावर पिवळी पट्टी यायची, पुढची पाळी तो बघेपर्यंत. 'बदललेल्या डोसच्या शेजारी'. शेजारी.

खूण काढली, इशारे परत छापले. एकसष्टातला त्रेचाळिसावा. एका ओळीचा नियम. दहा दिवस चारही रुग्णालयांत एकही पिवळी पट्टी उमटली नव्हती.

पट्टी हाताने लिहून अर्ध्या तासात पाठवली. मग सरांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं. शांतपणे विचारलं, "आकडा पडद्यावर होता ना? बरोबर होता ना?"

"हो."

"मग वाक्य तिथेच संपतं. तू घाबरू नकोस. मी आहे ना."

माझे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, पण एक शब्द टाकून बोलले नाहीत. फक्त इशारे कधी बंद केले, कोणाला विचारून केले, एवढं एका कागदावर लिहून मागितलं, स्वतःच्या माहितीसाठी. लगेच लिहून दिलं.

१५ फेब्रुवारी

ते गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. नर्सला निलंबित केलंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चौकशी समितीकडे आमचा अहवाल गेला. तीन वाक्यं आहेत. घटनेच्या वेळी अ‍ॅप सुरू होतं. डोसचा आकडा पडद्यावर अचूक दिसत होता. औषध देण्याआधी आकडा वाचणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. खाली माझी सही. सरांची नको, तांत्रिक माणसाची असलेली बरी दिसते म्हणाले.

तिन्ही वाक्यं खरी आहेत. तिसऱ्यांदा वाचून पाहिली.

१८ फेब्रुवारी

ताईला अहवाल वाचून दाखवला. का दाखवला कोण जाणे. ती कपड्यांच्या घड्या करत होती. पूर्ण ऐकलं, मग हातातली घडी परत मोडली.

"आम्ही आकडे वाचत नाही गं," म्हणाली. "वाचायला हवेत, लिहिलेलं असतं सगळीकडे. पण सतरा खाटा, प्रत्येकाची सहा औषधं, आणि त्यातलं कालचं बहुतेक आजही तेच. माझे हात कालचंच भरतात. मी रंग शोधते. रंग दिसला की थांबते, मग वाचते. रंग नाही म्हणजे काल होतं तेच. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला ते?"

मी म्हटलं, तुमच्याकडचं अ‍ॅप आमचं नाही.

"तुमचं नाही म्हणूनच माझी नोकरी आज शाबूत आहे."

मग जेवलो. तिने दोनदा विचारलं, ती नर्स किती वर्षांची. पन्नाशीची, म्हटलं. मग म्हणाली, पन्नाशीत दुसरीकडे कोणी घेत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

नर्सच्या घरी गेले. पत्ता भिंगने मिळवून दिला. दोन खोल्या, दुसरा मजला, जिन्यात लोकांच्या सायकली. तिने ओळखलं आणि आत घेतलं. घरच्या कपड्यांत आणखी बुटकी दिसत होती. अंबाडा होता, पेन नव्हतं.

मी तयारी करून गेले होते, पण जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवली. शेवटी सरळ सांगितलं: पिवळी पट्टी दिसत नव्हती, तुमच्या लक्षात आलं असेल. ती म्हणाली, लक्षात आलं, पण बंद पडलीय असं नाही वाटलं. दोन डोस डॉक्टर तोंडी सांगून गेले म्हणून ते आकडा पाहून दिले. चौदा नंबरच्या खाटेचा सांगायचा राहिला.

ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, "सिरिंज माझ्या हातात होती. दहा लिहिलेलं होतं. मी ते समितीलाही सांगितलंय." मग, मी न विचारता: "मी पोचले तेव्हा चादर घामाने भिजली होती. गादीची कड हातात घट्ट धरली होती त्यांनी. किती वेळ एकटे होते कळायला मार्ग नाही. मी दोन खाटा सोडून पलीकडे होते, पाठ करून."

तिने विचारलं, नेमकं झालं काय. मी स्टाइलशीट, ऑब्जेक्ट, शेजारी, एकसष्ट, दहा, सगळं सांगितलं. तिने वॉर्डाची हकीकत घ्यावी तसं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "आणि बाकीचे पन्नास वाचलेत का?"

नव्हते वाचले. त्रेचाळिसावा सापडला आणि मी थांबले. दहा दिवस झाले आणि माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मी उठलेच. चहा टाकला होता तिने, तोही राहिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

भिंग आणि मी सकाळी सातला ऑफिसात. ती नियम मोठ्याने वाचायची, मी जुना तक्ता उघडून तो कुठे उमटतो ते शोधायचे. अकरावा, मोकळी जागा. बारावा, मोकळी जागा. तेविसाव्याला मला वाटायला लागलं, दुसरं काही निघणार नाही. तिने मान वर न करता पुढचा वाचला.

सत्तावन्नावा. रुग्णाला एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर त्याच्या नावाशेजारी लाल चौकट. नव्या तक्त्यात नाही. तीन आठवडे चारही रुग्णालयांत ती चौकट नाही.

भिंग उठून खिडकीशी गेली. म्हणाली, मी चित्रं जुळवली ना, दोनशे बारा, त्यातल्या एकाही खोट्या रुग्णाला अ‍ॅलर्जी नव्हती.

दहा वाजता सर आले. मी म्हटलं, आत्ता फोन करून चारही ठिकाणी सांगायला हवं, टॅब बाजूला ठेवा, कागदावर या. ते म्हणाले, दुरुस्ती गुपचूप पाठव, फोन कशाला, समितीसमोर प्रकरण असताना. मी म्हटलं, दुरुस्ती प्रत्येक टॅबवर पोचायला दुपार होईल. ते म्हणाले, दुपार म्हणजे काही फार नाही.

मी बाहेर येऊन चारही फोन केले. चौथ्या वॉर्डात ज्या बाईंनी घेतला त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, एकीला पेनिसिलिन भरून ठेवलंय, तिचा कागद काढून बघते. फोन खाली ठेवला नव्हता. मला मागचे आवाज येत राहिले, ट्रेचे, कोणाच्या तरी खोकल्याचे. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "अ‍ॅलर्जी आहे. नाही दिलं." आणि ठेवला.

दुपारी माझा पासवर्ड चालेना.

२६ फेब्रुवारी

समितीला दुसरं निवेदन पाठवलं, चार पानी, माझं एकटीचं. भिंगला तिचं नाव घालू का विचारलं. म्हणाली, घालायचं काय, सही माझी आहेच तिथे, नियम न वाचता केलेली. तिने स्वतःचं वेगळं पाठवलं.

ताईने आज नाश्ता करून दिला. ती कधी करत नाही, तिला वेळच नसतो.

१० मार्च, सोमवार

समितीसमोर अडीच तास. लांबट खोली, टेबलाच्या एका बाजूला पाच जण, दुसऱ्या बाजूला सर, त्यांचे वकील, मी, भिंग, नर्स. भिंतीलगत मुलगी बसली होती, बसचालकांची. माझ्याच वयाची असेल. मांडीवर पिशवी.

अध्यक्षांनी विचारलं, एकसष्टातले दहाच का पाहिले. मी म्हटलं, बाकीचे तसेच असतील असं वाटलं. त्यांनी लिहून घेतलं. इतकं छोटं उत्तर लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

मग सरांच्या वकिलांनी पत्र दिलं. तंत्रज्ञ बाईंनी इशारे कोणाच्याही परवानगीशिवाय बंद केले, कंपनीला कल्पना नव्हती, त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. सोबत मी सरांना लिहून दिलेला कागद. पत्रावर तारीख चौदा फेब्रुवारी. म्हणजे 'मी आहे ना' म्हणाल्याच्या दुसऱ्या दिवशीची. टंकताना चुकली असेल का?

निकाल लगेच तोंडी सांगितला. अ‍ॅप चारही ठिकाणी बंद, जुनं परत येईल, नऊ सेकंदांचं. नर्सचं निलंबन रद्द, पण वॉर्डात नाही, तळघरातल्या भांडारात, आणि नोंद राहणार. माझ्याबद्दल त्यांना काही ठरवायचा अधिकार नाही, ते पोलिसांकडे कागद पाठवतील.

बाहेर व्हरांड्यात आम्ही तिघी उभ्या होतो. मुलगी सरळ आमच्याकडे आली. मला वाटलं, आता मला विचारेल. मी उत्तरं जुळवत होते. पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. नर्सला म्हणाली, "मला एवढंच सांगा. बाबांना त्रास झाला का?"

नर्स तिच्यापेक्षा हातभर बुटकी. तिने मान वर करून मुलीच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही," म्हणाली. "झोप लागली त्यांना. मी शेजारीच होते, हात धरून."

मुलीने मान हलवली. पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली. पावलांचा आवाज थांबेपर्यंत आम्ही हललो नाही.

मला चादरीचं आणि गादीच्या कडेचं माहीत होतं. आतल्या खोलीत अडीच तास मी एकही गोष्ट लपवली नव्हती, आणि बाहेर येऊन पहिल्याच मिनिटाला गप्प राहिले. नर्सने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीला हात लावून ती तशीच उभी होती. मग म्हणाली, भांडार कुठल्या बाजूला आहे ते विचारायला हवं, उद्या सातला हजर व्हायचंय.